पावसाळ्यात अडकणारं काचेचं सरकतं दार : दुरुस्त करावं की अख्खं बदलावं?

पळसफूल | २४ मे, रात्री ९.१०
नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळच्या खेड्यात आमचं घर आहे. मागच्या खोलीतून पडवीत जायला काचेचं सरकतं दार आहे. साधारण ६ फूट बाय ७ फूट, दोन पल्ले, अ‍ॅल्युमिनियमची चौकट, ५ एमएमची साधी काच. बाबांनी ११ वर्षांपूर्वी बसवून घेतलं होतं. आईचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. खुर्चीत बसल्या बसल्या तिला वावर दिसावं, येणारी-जाणारी माणसं दिसावीत, एवढाच त्यामागचा हेतू. बाबा आता नाहीत. आईची खुर्ची अजून तिथंच आहे.

डावा पल्ला उन्हाळ्यात कसाबसा सरकतो. पाऊस लागला की जाम. दोनदा रोलर बदलले, दोन्ही वेळा महिनाभर बरं चाललं, पुन्हा तेच. मागच्या श्रावणात आई दोन्ही हातांनी ओढत होती, मूठ उखडून हातात आली आणि ती मागं कोसळली. मागं खाट होती म्हणून निभावलं. या एप्रिलमध्ये उजव्या पल्ल्याच्या काचेला तडा गेला.

तालुक्यातला एक दुकानदार म्हणतो, सगळं उपटून यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या चौकटीचं दार बसवा. दुसरा म्हणतो, रोलर आणि काच बदला, काम संपलं. पाऊस तोंडावर आलाय. कुणाचं ऐकावं?

संत्रानगरी | २४ मे, रात्री ९.३४
यूपीव्हीसी. डोळे झाकून. गंज नाही, रंग नाही.

वऱ्हाडी_गडी | २४ मे, रात्री ९.५२
ताई, आमच्या घरी पन असंच दार होतं. बोकडानं काचीत सोताले पाह्यलं, त्याले वाटलं दुसरा बोकड आला. दोन पावलं मांगं सरकला अन् दिली टक्कर. काच खाली, बोकड तसाच उभा, आता दुसरा कुठी गेला म्हून पाहून रायला. तवापासून आमी खालच्या अडीच फुटात अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा टाकला अन् वर काच. तुमच्या घरी बकऱ्या असतीन तं हे ध्यानात ठेवा.

पळसफूल | २४ मे, रात्री १०.०५
@वऱ्हाडी_गडी भाऊ, आईला वाचून दाखवलं, खूप दिवसांनी अशी हसली. बकऱ्या आहेत, पण पडवीला कठडा आहे. आणि पत्रा टाकला तर आईला बसल्या जागेवरून वावर दिसणार नाही, म्हणून खालपर्यंत काचच हवी.

काचकाम | २५ मे, सकाळी ७.१५
मी १९ वर्षं अ‍ॅल्युमिनियम आणि काचेचं काम करतोय, तालुक्याच्या गावी छोटं दुकान आहे. ताई, दोन्ही दुकानदारांना सध्या थांबवा. रोलर दोनदा बदलून महिनाभरात पुन्हा तेच होतं, म्हणजे रोग रोलरमध्ये नाही. आधी दाराचं भोक तपासा. यूपीव्हीसी असो, अ‍ॅल्युमिनियम असो, वाकड्या भोकात बसवलेलं दार वाकडंच चालतं.

घरी कुणी टेप धरणारं असेल तर हे करा. रुंदी तीन ठिकाणी मोजा, तळाशी, मध्ये आणि वर. उंची डावीकडं, मध्ये आणि उजवीकडं. मग दोन्ही कर्ण, म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत आणि उलट. सगळं मिलिमीटरमध्ये लिहा, फूट-इंचात लिहाल तर फरक लपतो. शेवटी गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी घेऊन उंबऱ्याचं डावं टोक आणि उजवं टोक ताडून पाहा. कर्णांत ३ एमएमपर्यंत फरक असेल तर चालतं, त्यापुढं असेल तर पुढचं बोलू.

तेवढ्यात पल्ला काढून रोलरही पाहून घ्या. दोन माणसं लावा. पल्ला उभा वरच्या चॅनलमध्ये उचलायचा, खालची कड ट्रॅकवरून सुटली की ती आपल्याकडं ओढायची, मग वरची कड खाली घ्यायची. ५ एमएमच्या काचेचं वजन चौरस मीटरला साडेबारा किलो भरतं. तुमच्या एका पल्ल्यात २३-२४ किलोची नुसती काच आहे, तेव्हा एकट्यानं हात लावू नका. तडा गेलेल्या काचेवर आधी दोन्ही बाजूंनी रुंद चिकटपट्टी आडवी-उभी लावा आणि मगच उचला.

दर्यापूरकर | २५ मे, सकाळी ८.४०
काचकामशी सहमत. माझी एक भर. आम्ही खारपाणपट्ट्यातले. इथं बोअरच्या पाण्यानं दार धुतलं की काचेवर पांढरे ओघळ बसतात आणि ट्रॅकमध्ये क्षार साचून अ‍ॅल्युमिनियमला बारीक खड्डे पडतात. साध्या लोखंडी स्क्रूची डोकी तर दोन पावसाळ्यांत फुगतात. बाईंच्या भागात पाणी गोडं असेल, तरीही स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच मागा. आणि काच पिण्याच्या पाण्यानं पुसा, बादलीभर लागत नाही, तांब्याभर पुरतं.

ओसरी | २५ मे, सकाळी ११.२०
माझं मत वेगळं आहे. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. अशा मुलखात भिंतभर काच लावायचीच कशाला? आमच्या आजोबांच्या घरचं सागवानी दार ७० वर्षं झाली तरी शाबूत आहे. वरून झडपा, खालून दार. झडपा उघडल्या की वारा, मिटल्या की अंधार आणि गारवा. दार फुगलं तर सुतार रंधा मारून जातो. काचेला रंधा मारता येत नाही.

पळसफूल | २५ मे, दुपारी १२.०२
@ओसरी तुमचं म्हणणं पटतं, पण या घरात ते दार म्हणजे आईची खिडकी आहे. लाकडाचं दार बंद केलं की ती भिंतीकडं पाहत बसणार. ऊन म्हणाल तर दार पश्चिमेला आहे, तरी बाहेर डाव्या अंगाला केळीचं दाट बेट आहे, त्यामुळं अर्ध्या दारावर सावली असते. उजवा पल्ला मात्र तापतो. म्हणून मार्चमध्ये मी त्याला आतून काळा कागद चिकटवला होता.

काचकाम | २५ मे, दुपारी १२.३०
ताई, तडा कुठून सुरू झालाय? काचेच्या कडेपासून सरळ काटकोनात आत येऊन मग वळलाय का?

पळसफूल | २५ मे, दुपारी १२.४४
हो! कडेपासून बोटभर अगदी सरळ आत, मग नागमोडी. तुम्हाला कसं कळलं?

काचकाम | २५ मे, दुपारी १.१०
तो उष्णतेचा तडा आहे. दगड लागला असता तर एका जागेवरून जाळं पसरलं असतं. काळ्या कागदानं ऊन शोषलं, काचेचा मधला भाग तापून फुगला, चौकटीत दडलेली कड मात्र गार राहिली. मध्य ताणतो, कड सोडत नाही, मग कडेला जिथं कापताना बारीक खाच राहिलेली असते तिथून साधी काच फाटते. टफन काच, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली काच, हा ताण सहज सोसते. पण टफन लावली म्हणून खोली गार राहील असं मुळीच समजू नका, ऊन तिच्यातूनही तेवढंच आत येतं. ऊन काचेच्या बाहेर अडवायचं. बांबूची चिक बाहेरून सोडा. आतला पडदा ऊन आत आल्यावर तापतो आणि खोलीतच तापत राहतो.

हिंगणघाटची_लेक | २५ मे, दुपारी ३.२६
चिकेवरून आठवलं. आमच्याकडं अजून वाळ्याची ताटी बांधतात. दुपारी दोन वेळा पाणी मारलं की अख्ख्या घराला वास. कूलर आला तेव्हा ताटी गेली होती, दोन वर्षांपूर्वी लाइट जाण्याचा वैताग आला म्हणून पुन्हा आणली. सरकत्या दाराला ताटी झकास बसते, पण पाणी ट्रॅकमध्ये उतरतं. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूनं पाणी जायची भोकं असतात ती मोकळी आहेत ना, तेवढं पाहा.

वऱ्हाडी_गडी | २५ मे, दुपारी ४.१५
वाया अन् वानेरं, दोन्हीचं जमत नाई. आमच्या गावात वानेरानं ताटीच ओढून नेली, छपरावर नेऊन पसरवली अन् वर बसलं.

पळसफूल | २६ मे, रात्री ८.३०
आज भाऊ आला होता, त्यानं आणि शेजारच्या दादांनी मिळून सगळं मोजलं. रुंदी तिन्ही ठिकाणी १८०० च्या आसपास, २-३ एमएम इकडंतिकडं. उंची २१००. कर्ण मात्र असे आले : वरचा डावा ते खालचा उजवा २७७३, खालचा डावा ते वरचा उजवा २७५८. पंधरा एमएमचा फरक! पाण्याच्या नळीनं पाहिलं तर उंबऱ्याचं डावं टोक उजव्यापेक्षा १० एमएम वर आहे.

पल्लाही काढला. रोलर पाहून मीच गप्प झाले. चाकाच्या आसाभोवती कापसाचा तंतू इतका घट्ट गुंडाळला होता की चाक दिसतच नव्हतं, राखाडी लोकरीचा गोळा. ब्लेडनं कापून काढला. आत तुरीचं कुटार, केस, एक मेलेली मुंगळी. वेचणीच्या दिवसांत त्याच खोलीत कापूस ठेवतो आम्ही. चाक मोकळं झालं तसं फिरायला लागलं, म्हणजे बिचारं शाबूत होतं.

नकाशावाला | २६ मे, रात्री ९.१२
स्थापत्य अभियंता आहे, बांधकामं पाहतो. ताई, तुमचे आकडे अगदी जुळतात. रुंदी-उंची सारखी, कर्णांत १५ चा फरक आणि उंबरा डावीकडं १० नं वर, याचा अर्थ चौकट दबली नाही, सगळी डावी बाजू वर उचलली गेलीय. चौकोनाचा समांतरभुज झालाय. आता मला दोन गोष्टी सांगा. घराखाली माती कोणती? आणि त्या डाव्या कोपऱ्याजवळ पाणी कुठून येतं?

पळसफूल | २६ मे, रात्री ९.२५
माती काळी, भारी. उन्हाळ्यात अंगणात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी तसं तिथं काही नाही. पन्हाळ दुसऱ्या बाजूला आहे. फक्त मोरीचं पाणी पाइपानं बाहेर काढून केळीला सोडलंय.

नकाशावाला | २६ मे, रात्री ९.२८
केळी दारापासून किती लांब?

पळसफूल | २६ मे, रात्री ९.३१
लांब कुठली, डाव्या चौकटीला लागूनच. हात-दीड हात.

वऱ्हाडी_गडी | २६ मे, रात्री ९.३३
सापडला चोर!

नकाशावाला | २६ मे, रात्री १०.०५
हो, सापडला. आपली काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. त्या फुगण्याला ताकद एवढी असते की एक मजली घराची हलकी भिंत ती सहज उचलते. जड इमारतीखाली ती दबून राहते, आपल्या साध्या घरांखाली नाही. तुमच्या केसमध्ये डाव्या कोपऱ्याला बारमाही मोरीचं पाणी, उजवा कोपरा उन्हाळ्यात कोरडा ठाक. म्हणजे एक बाजू कायम फुगलेली, दुसरी आकसलेली. पावसाळ्यात सगळीच हालचाल वाढते आणि पल्ला जाम होतो. दाराच्या वरच्या कोपऱ्यांतून भिंतीत तिरप्या भेगा गेल्यात का तेही पाहा.

यावर आज यूपीव्हीसी बसवलं असतं तर पैसे मातीत. पुढच्या पावसात तेही अडकलं असतं आणि दोष दाराला लागला असता.

करायचं काय? मोरीचं पाणी बंद पाइपानं भिंतीपासून निदान १०-१२ फूट लांब न्या. केळी काढा. भिंतीलगत तीन फूट रुंदीची काळी माती दीड-दोन फूट खोल काढून टाका, मुरूम भरा, थराथरानं पाणी मारून ठोका आणि वर बाहेर उतार देऊन फरशीचा किंवा कोब्याचा पट्टा करा. पावसाचं पाणी पायाशी थांबता कामा नये. नवीन घर बांधणाऱ्यांनी काळ्या मातीत अंडर-रीम्ड पाइलचा, म्हणजे खालचं टोक फुगीर असलेल्या काँक्रीटच्या खांबांचा विचार करावा, रुडकीच्या सीबीआरआय या सरकारी बांधकाम संशोधन संस्थेनं ते याच मातीसाठी विकसित केले. फुगणाऱ्या थराच्या खाली, साधारण साडेतीन मीटरवर जाऊन ते पाय रोवतात. उभ्या घराला तो उपाय नाही, त्याला पाण्याची शिस्तच लावावी लागते.

आणि मग एक पावसाळा जाऊ द्या. माती स्थिरावली की नवीन दार.

संत्रानगरी | २६ मे, रात्री १०.२०
मी यूपीव्हीसी म्हणालो ते मागं घेतो. हे डोक्यातच आलं नव्हतं.

दर्यापूरकर | २७ मे, सकाळी ७.५०
एक पावसाळा थांबा हे कागदावर ठीक. तडकलेल्या काचेनं पावसाळा काढायचा? पडवीत उघडणारं दार आहे, मागं वावर. जून-जुलैत फट राहिली तर बेडूक आत, बेडकामागं साप आत. गेल्या वर्षी आमच्या आळीत घोणस निघाली ती अशाच दाराखालून. मी म्हणतो आताच टफन काच टाकून घ्या.

सिस्टरताई | २७ मे, सकाळी ९.०५
मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. साध्या काचेच्या जखमा मी धुतल्यात. ती सुरीसारख्या लांब तुकड्यांत फुटते आणि वरचा तुकडा सुळ्ळकन खाली येतो. माझ्या स्वतःच्या पुतण्याच्या मनगटावर १४ टाके आहेत, धावत येऊन दाराला थडकला होता. दार पुसून लख्ख होतं, त्याला उघडं वाटलं. पळसफूल, तडकलेली काच आजच काढा, उद्यावर टाकू नका. आई त्याच दाराशी बसतात ना? आणि नवीन काचेवर डोळ्याच्या उंचीला काहीतरी चिकटवा, नक्षी, पट्टी, काहीही. एक मोठ्यांच्या उंचीला, एक लेकरांच्या.

काचकाम | २७ मे, सकाळी १०.४०
सिस्टरताई बरोबर बोलल्या, तडकलेली काच आज निघालीच पाहिजे. पण दर्यापूरकर भाऊ, टफन आता मागवू नका म्हणतो त्याला कारण आहे. टफन काच ६०० अंशांच्या वर तापवून एकदम हवेनं गार करतात, त्यानं तिच्या अंगात ताण भरला जातो आणि ती साध्या काचेच्या चारेक पट मजबूत होते. पण त्यानंतर ती कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. माप आधी, कापणं आधी, भट्टी शेवटी. आज या जुन्या चौकटीच्या मापानं टफन केली आणि दिवाळीनंतर चौकट बदलताना माप ५ एमएमनं हललं, तर ती काच कपाटावर ठेवायच्या कामाची.

म्हणून पावसाळ्यापुरता मधला मार्ग. उजव्या पल्ल्यात पारदर्शक पॉलिकार्बोनेटची सपाट शीट बसवा. करवतीनं कापता येते, फुटत नाही, आईंना वावरही दिसेल. ओरखडे लवकर पडतात, पण सहा महिन्यांचाच प्रश्न आहे. डाव्या पल्ल्याच्या साध्या काचेला सेफ्टी फिल्म लावून घ्या, फुटलीच तरी तुकडे फिल्मला चिकटून राहतील. रोलर साफ करा, ट्रॅकला तेल अजिबात लावू नका, धूळ आणि कापूस त्यालाच चिकटतो. सिलिकॉन स्प्रे मारा, नसेल तर पांढरी मेणबत्ती ट्रॅकच्या धारेवर घासा. पल्ल्याच्या खालच्या टोकाला रोलर वर-खाली करायचा स्क्रू असतो, त्यानं तात्पुरती वाकडेपणाची भरपाई होते. दहाच्या दहा एमएम नाही, पण चार-पाच नक्की. आणि पल्ल्यांच्या कडेचे ब्रश नवीन टाका, म्हणजे भाऊ म्हणतात ती फट राहणार नाही.

दर्यापूरकर | २७ मे, सकाळी ११.०२
हे पटलं. टफन कापता येत नाही हे मला माहीत नव्हतं, मी साध्या काचेसारखाच हिशोब करत होतो.

ओसरी | २७ मे, दुपारी १.१५
केळी तोडायची म्हणजे जिवावर येतं. घड धरलेला असेल तर?

पळसफूल | २७ मे, रात्री ८.१०
एका केळीला घड आहे, बाकी पिलं आहेत. केळी बाबांनीच लावली होती. आईला कसं सांगावं म्हणून दुपारभर घोटाळले. शेवटी नकाशावाला दादांनी लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दार बी त्यायनंच लावलं अन् केय बी त्यायनंच. एकमेकाचं जमत नसन तं लांब लांब ठेवा." घड उतरवला की पिलं विहिरीजवळ नेतो.

काच आजच काढली. दोघांनी जुन्या गोधडीत गुंडाळून.

पळसफूल | २१ ऑगस्ट, सायंकाळी ६.४०
मंडळी, विसरले नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात मोरीचा पाइप १५ फूट लांब नेला, आता ते पाणी परसातल्या अळूला जातं. माती उकरली तेव्हा केळीच्या बाजूची जून महिन्यातही ओलसर, चिकट, फावड्याला सुटेना. उजव्या कोपऱ्याची मात्र ढेकळं. एकाच भिंतीच्या पायाशी दोन मुलूख. मुरूम भरून पट्टा केला. या पावसात पल्ला एकदाही जाम झाला नाही. जड आहे, पण सरकतो. उंबऱ्याचा फरक आज ७ एमएम. भिंतीवर पेन्सिलनं तारखा घालून लिहीत जाते.

नकाशावाला | २१ ऑगस्ट, रात्री ९.००
छान. घाई करू नका. थंडीत पुन्हा मोजा. सलग दोन महिने आकडा हलला नाही की गवंड्याला बोलवा.

हिंगणघाटची_लेक | २२ ऑगस्ट, सकाळी ८.१५
तुमचं वाचून आम्ही पण मोजलं. आमचा फरक ४. आमच्या दारालगत तुळशीवृंदावन आहे, रोज तांब्याभर पाणी. तेवढ्यानं काही होतं का?

नकाशावाला | २२ ऑगस्ट, सकाळी ९.३०
तांब्याभर पाण्यानं नाही. तुळशीला पाणी घालत राहा, पन्हाळीचं पाणी कुठं पडतं ते पाहा.

पळसफूल | १४ डिसेंबर, रात्री ९.४५
दार बसलं! ऑक्टोबरअखेरीस फरक ४ एमएमवर आला आणि डिसेंबर उजाडला तरी ४ च राहिला. मग हात घातला.

यूपीव्हीसी की अ‍ॅल्युमिनियम यावर घरात बराच खल झाला. शेवटी अ‍ॅल्युमिनियम घेतलं. काचकाम दादांना मी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं होतं, त्यांचं उत्तर इथं सगळ्यांसाठी लिहिते. यूपीव्हीसी वाईट नाही, उलट उष्णता कमी आत आणतं. पण उन्हात ते अ‍ॅल्युमिनियमच्या साधारण तिप्पट फुगतं, म्हणून चौकटीच्या चारी बाजूंना नेमकी फट सोडून बसवणारा कारागीर लागतो आणि आतून लोखंडाची मजबुती भरली आहे का ते पाहावं लागतं. आमच्या गावात पुढं काही बिघडलं तर अ‍ॅल्युमिनियमचा माणूस सायकलवर येऊ शकतो, यूपीव्हीसीचा जिल्ह्याहून बोलवावा लागेल. मला हे कारण पुरलं. अ‍ॅल्युमिनियम किलोवर विकलं जातं, म्हणून चौरस फुटाचा भाव विचारण्याआधी सेक्शनची, म्हणजे चौकटीच्या पोकळ पट्टीची जाडी विचारली. एकानं कमी भाव दिला होता, त्याचा सेक्शन हातानं दाबला तर वाकत होता. तीन ट्रॅक घेतले, दोन काचेचे आणि एक डासांच्या जाळीचा.

आधी गवंड्यानं जुनी चौकट काढून उंबरा नव्यानं केला, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन. जुना ट्रॅक निघाला तेव्हा कळलं की पाणी जायची भोकं ११ वर्षांपूर्वीच सिमेंटनं बुजली होती. सगळं पाणी ट्रॅकमध्येच मुरत होतं. उंबरा आठ दिवस पाणी मारून पक्का केला, मगच चौकटीचं माप आणि काचेची ऑर्डर. काच टफन, ६ एमएम, कोपऱ्यात आयएस २५५३ चा, म्हणजे सुरक्षित काचेच्या भारतीय मानकाचा शिक्का. ८ एमएम घेणार होते, पण पल्ल्यामागं दहा किलोनं वजन वाढलं असतं आणि ओढायचं आईला आहे.

बसवायला सकाळी दोघं आले. चौकट भोकात उभी केली, खाली-बाजूंना पॅकिंगच्या चकत्या सरकवत लेव्हल आणि ओळंबा धरला, कर्ण मोजले, पुन्हा चकत्या, पुन्हा कर्ण. स्क्रू तोपर्यंत एकही पिळला नाही. दुपारचे बारा वाजले तेव्हा कर्णांत १ एमएम राहिला. खालच्या ट्रॅकला शक्य तितकी कमी भोकं पाडली आणि प्रत्येक स्क्रू सिलिकॉन भरून बसवला, कारण तिथूनच पाणी खाली जातं. चौकटीवरची प्लॅस्टिकची चिकटपट्टी मी सिलिकॉन वाळताच सोलून काढली, उन्हात राहिली की ती निघता निघत नाही म्हणे. पल्ले चढवल्यावर वरच्या चॅनलमध्ये दोन ठोकळे बसवले, बाहेरून कुणी पल्ला उचलून काढू नये म्हणून. बाहेर बांबूची चिक. काचेवर दोन उंचींना पळसाच्या पानांची नक्षी, सिस्टरताई, तुमची आठवण काढून.

संध्याकाळी आईनं एका हातानं दार सरकवलं. मग परत बंद केलं. मग परत उघडलं. चार-पाच वेळा. मग म्हणाली, "लाव आता, हवा गार लागून रायली."

सिस्टरताई | १४ डिसेंबर, रात्री १०.०१
आईंना माझा नमस्कार सांगा.

वऱ्हाडी_गडी | १४ डिसेंबर, रात्री १०.२०
ताई, बकऱ्यायले नवं दार दाखवलं का?

पळसफूल | १४ डिसेंबर, रात्री १०.२८
कठड्याबाहेरूनच दाखवलं भाऊ!

ओसरी | १५ डिसेंबर, सकाळी ७.४०
काचेबद्दलचं माझं मत उन्हापुरतं अजून तेच आहे. पण हे दार योग्य जागी आहे. केळी जगली का?

पळसफूल | १५ डिसेंबर, सकाळी ८.१२
विहिरीजवळ तीन पिलं लावली, दोन जगली. आईला दारातून तेवढ्या लांबचं नीट दिसत नाही, पण कुठं आहेत ते तिला माहीत आहे.

काचकाम | १५ डिसेंबर, सकाळी ९.०५
कापूस घरात येईल तेव्हा महिन्याला एकदा ट्रॅक ब्रशनं झाडा. आणि पुढच्या जुलैत, दोन-तीन मोठे पाऊस झाले की, कर्ण मोजून इथं टाका.

पळसफूल | १५ डिसेंबर, सकाळी ९.२०
टाकते दादा. टेप आणि पेन्सिल दाराच्या कोनाड्यातच ठेवलीय.